टेलुरियमची जागा

रचनेवरील विश्वासाखातर समोरचे प्रमाण नाकारण्याचा अधिकार अभ्यासकाला असतो काय, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही. आवर्तसारणीच्या इतिहासात मात्र त्याचे नैतिक रूप अधिक उघडे पडते.

दिमित्री मेंडेलीव्हने १८६९ मध्ये तोपर्यंत ज्ञात असलेली त्रेसष्ट मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. गुणधर्म ठरावीक अंतराने पुन्हा प्रकट होतात, हा त्या मांडणीतून त्याला गवसलेला नियम होय. त्याचा गौरव होतो तो बहुधा सारणीत राखलेल्या रिकाम्या जागांसाठी. संस्कृत ‘एक’ हे पद जोडून त्याने ‘एक-ॲल्युमिनियम’ असे नाव दिलेले द्रव्य १८७५ मध्ये गॅलियमच्या रूपाने सापडले. परंतु भाकीत हे तुलनेने निर्धोक साहस असते. रिकाम्या जागेत प्रतिवाद करणारे कोणी हजर नसते. खरा पेच भरलेल्या जागांचा आहे.

युरेनियमचा अणुभार तेव्हा १२० मानला जाई. मेंडेलीव्हने तो २४० केला. बेरिलियमचा सुमारे १४ होता, तो त्याने ९.४ वर आणला. दोन्ही ठिकाणी तो बरोबर ठरला. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्रयोगशाळेत मोजला जाई तो तुल्यभार. अणुभार काढण्यासाठी त्याला संयुजेने गुणावे लागे, आणि संयुजा हे त्या काळी बरेचसे अनुमान होते. म्हणजे मेंडेलीव्हने मोजणी नाकारली नव्हती, मोजणीचा अर्थ बदलला होता. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर संहिता अबाधित राखून केलेले हे नवे अर्थनिर्णयन होते.

टेलुरियमची गोष्ट वेगळी. गुणधर्मांनुसार ते आयोडीनच्या आधी यायला हवे, अणुभार मात्र त्याचाच अधिक. येथे संयुजेची पळवाट नव्हती. गुणाकाराने भागण्याजोगे अंतरच नव्हते. एखाद-दोन एककांचा प्रश्न होता. तेव्हा मेंडेलीव्हने मोजणीच चुकीची ठरवली. पुढे अधिक काळजीने केलेल्या मोजण्यांतही टेलुरियम आयोडीनहून जडच राहिले. १९१३ मध्ये हेन्री मोज्लेच्या क्ष-किरण प्रयोगांनी क्रमाचे खरे गमक अणुकेंद्रावरील प्रभार असल्याचे दाखवले. टेलुरियम बावन्नावे, आयोडीन त्रेपन्नावे. जागा योग्य होती, मोजणीही योग्य होती. चुकीचा होता तो या दोहोंत मेंडेलीव्हने कल्पिलेला विरोध. तो १९०७ मध्येच निवर्तला होता.

निष्कर्ष खरा निघाला म्हणून कृती निर्दोष ठरवणे सोपे आहे, आणि विज्ञानाचे लोकप्रिय इतिहास तेच करतात. पण ज्याला वृत्त जुळवण्यासाठी हस्तलिखितातील अक्षर बदलण्याचा मोह होतो, त्या संपादकाची स्थिती याहून वेगळी नसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत खात्री नसलेल्या पाठाखाली नागमोडी रेघ ओढलेली असते. वाचकाला पाठ मिळतो, आणि त्यावरचा संशयही मिळतो.

१८६९ च्या कोष्टकात टेलुरियमपुढे १२८ हा आकडा असून त्यानंतर प्रश्नचिन्ह आहे. १८७१ च्या कोष्टकात त्या जागी १२५ आहे.