मातीच्या पात्रातील ठेव

शास्त्रभाग : यिर्मया ३२:६-१५, ३६:२०-३२



यरुशलेमेस बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि यिर्मया संदेष्टा राजवाड्याच्या चौकात कैदेत होता. अशा समयी त्याने आपला चुलतभाऊ हनामेल ह्याच्याकडून अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. खरेदीखताच्या प्रती दोन होत्या. एक मोहरबंद व दुसरी उघडी. त्या दोन्ही मातीच्या पात्रात ठेवाव्यात, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील, अशी आज्ञा बारूखाला झाली. ज्या क्रियापदाचे भाषांतर आपण ‘टिकणे’ असे करतो, त्याचा मूळ इब्री अर्थ ‘उभे राहणे’ असा आहे. नगर पडणार होते. पण ते खत उभे राहणार होते.

आपल्या घरातही अशी खते आहेत. आईचा शेवटचा नाताळ, मुलाचा बाप्तिस्मा, जुने उपासना मंदिर पाडण्यापूर्वी त्यासमोर उभी राहिलेली मंडळी, ह्यांची छायाचित्रे आपल्या वतनाची साक्ष देतात. पूर्वी ती ट्रंकेतील आल्बममध्ये असत. आज अशी हजारो छायाचित्रे तळहातावर मावणाऱ्या एका हार्ड डिस्कमध्ये असतात. त्या डिस्कच्या आतील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि तिच्यावरील मजकूर वाचणारे टोक तिला स्पर्श न करता इतक्या थोड्या अंतरावरून फिरते की, धुळीचा कणही त्या फटीत मावत नाही. एक धक्का, एक पतन, किंवा केवळ वयोमान तिला पुरेसे होते. ज्यांत फिरणारा भाग नाही अशा नव्या ड्राइव्हदेखील निकामी होतात, आणि पुष्कळदा पूर्वसूचना न देता. पात्र नवे असले तरी ते मातीचेच आहे.

येथे कोणी विचारील, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे प्रभूने शिकवले असता ही चिंता कशासाठी? ज्या प्रभूने ते शिकवले, त्यानेच पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, ह्यासाठी की काही फुकट जाऊ नये. हव्यासाने साठवणे वेगळे आणि सोपवलेले सांभाळणे वेगळे. छायाचित्रे केवळ आपली नाहीत. ज्यांनी आपल्या आजोबांना पाहिलेच नाही त्या नातवंडांचीही ती आहेत. आपण त्यांचे कारभारी आहोत.

मग विश्वासू कारभारी काय करील? अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग ह्यांनी रूढ केलेला एक नियम सोपा आहे : प्रती ३, साधने २ प्रकारची, आणि १ प्रत घराबाहेर. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या आप्तांकडे. आपण मराठी ख्रिस्ती कुटुंबे ठिकठिकाणी पांगलेली आहोत. नाशिकच्या घरची एक प्रत इंदूरच्या बहिणीकडे राहिली, तर नाशिकच्या पुरात ती सापडणार नाही. मात्र एक सावधगिरी बाळगावी. मोबाइलमधील चित्रे आपोआप जुळवून घेणारी सोय म्हणजे स्वतंत्र प्रत नव्हे. कारण एका ठिकाणी पुसलेले चित्र ती दुसऱ्या ठिकाणीही पुसून टाकते. मूळ चित्र मोहरबंद खताप्रमाणे अस्पर्श ठेवावे. कापणे, उजळणे हे उघड्या प्रतीवर करावे. चित्रातील माणसांची नावे, स्थळ व वर्ष लिहून ठेवावे, नाहीतर तिसऱ्या पिढीला ते चित्र वाचता येणार नाही. आणि अधूनमधून ती प्रत उघडून पाहावी; जी कधी उघडलीच नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

ह्या बाबतीत श्रीरामपूर येथील अनुभव बोधप्रद आहे. ११ मार्च १८१२ रोजी तेथील मिशनच्या छापखान्याला आग लागली. विल्यम कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. अनेक भाषांचे टंक वितळले, कागद जळाला, आणि कॅरींच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित नष्ट झाले. पण त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली व मराठी नवा करार १८११ साली छापून झाला होता. ते ग्रंथ त्या आगीच्या आवाक्याबाहेर गेले होते. जे एकाच हस्तलिखितात होते ते गेले. जे छापून लोकांच्या हाती दिले होते ते राहिले. राखेत टंक पाडण्याचे ठसे व साचे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूतूनच नवे टंक ओतण्यात आले, आणि काम पुन्हा सुरू झाले.

प्रियजनहो, आपल्यावर असा प्रसंग आला तर प्रथम हात आवरा. हार्ड डिस्क टकटक वाजू लागली तर तिचा वीजपुरवठा ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका आणि घरी उघडू नका. ते काम धूळमुक्त कक्षात करणाऱ्या तज्ज्ञांचे आहे. डिस्क सुस्थितीत असून चित्रे चुकून पुसली गेली असतील, तर तिच्यावर नवे काहीही साठवू नका. पुसलेले चित्र त्याच्या जागी दुसरे लिहिले जाईपर्यंत बहुधा तेथेच असते, आणि परत मिळालेली चित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवावी लागतात. फिरता भाग नसलेल्या ड्राइव्हमधून मात्र पुसलेले लवकरच कायमचे जाऊ शकते. त्यानंतर तुकडे गोळा करा : जुने मेमरी कार्ड, लग्नाची सीडी, मावशीला पूर्वी पाठवलेले चित्र. आपण दुसऱ्यांना जे दिले, तेच अशा वेळी आपल्याकडे परत येते.

यहोयाकीम राजाने यिर्मयाचा ग्रंथपट चाकूने कापून शेगडीत जाळला, तेव्हा देवाने दुसरा पट घेऊन लिहिण्यास सांगितले. यिर्मयाने सांगितले, बारूखाने लिहिले, आणि त्यात तशाच पुष्कळ वचनांची भर पडली. ज्यांची छायाचित्रे खरोखरच गेली त्यांना मी हेच सुचवीन. आईविषयी जे आठवते ते भावंडांनी एकत्र बसून सांगावे आणि एकाने लिहून घ्यावे. जळालेल्या चित्रात जे नव्हते, तिचा आवाज, तिची प्रार्थना, तिच्या हातची भाकरी, तेही कदाचित त्या वहीत उतरेल.

तरीही काही गोष्टी परत येणार नाहीत. कॅरींचा तो कोश पुन्हा पूर्ण झाला नाही. ज्या विधवेजवळ पतीचे एकच चित्र होते आणि तेही गेले, तिला नियम सांगून सांत्वन होणार नाही. तिच्याजवळ बसावे, तिचे ऐकावे. ज्याने आपल्या लोकांना आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे असे यशया सांगतो, त्या देवाला तिच्या पतीचा चेहरा ठाऊक आहे, हा विश्वास तिच्यासाठी आपण धरावा.

आणि ज्यांची छायाचित्रे आज सुरक्षित आहेत, त्यांनी हा लेख मिटल्यावर या आठवड्यातच एक दिवस नेमावा, दुसरी प्रत करावी व ती कोणा आप्ताच्या हाती सोपवावी. प्रभू आपणांस सोपवलेल्या ठेवीविषयी विश्वासू राहण्यास साहाय्य करो. आमेन.