नाव कुणाचं, गाणं कुणाचं?

मार्च 1968. बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’मागे ‘द इनर लाइट’ आलं. फार कुणाला माहीत नसलेलं गाणं. काही चाहते म्हणतात, हे बीटल्सचं नव्हेच. मुख्य आवाज जॉर्ज हॅरिसनचा. काहींना हेच त्याचं सर्वांत नितळ गाणं वाटतं.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. त्यातली बासरी, सरोद जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्याच वादकांनी वाजवली. रेकॉर्डवर नाव मात्र बीटल्सचं.

भाऊच्या धक्क्यावरून आमच्या रेवसला लाँच येते. तिकिटावर तांडेलाचं नाव नसतं, पण खाडी तोच पार करून देतो. पैसे दिले म्हणून त्याचं ऋण फिटतं का? मला नाही वाटत. निदान त्याचं नाव तरी विचारावं.