काकाजींची रोपं

भिलाईच्या रुआबांधा सेक्टरात पोलाद कारखान्यातले एक काकाजी राहत, मूळचे भंडाऱ्याकडचे. क्वार्टरमागच्या बारीत टमाटर, वांगी, भेंडी. पाऊस सरत आला की वाफ्यातली रोपं मातीच्या ढेकळासकट काढायची आणि लाईनीत घरोघर वाटायची, ही त्यांची हौस. पैशाला हात लावत नसत.

कोपऱ्यावरच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "काकाजी, एक रोप धुऊन दाखवा ना."

काकाजींना ते लागलं. "धर्माची गाय अन् दात काहून नाय, असं झालं हे!" आजींच्या दारात त्यांनी रोपं ठेवलीच नाहीत.

हिवाळ्यात लाईनीतली टमाटर भर दुपारी माना टाकू लागली. संध्याकाळी पुन्हा ताठ, म्हणून सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. कुणी पाणी वाढवलं, कुणी युरिया टाकला. पानं पिवळीच राहिली, फळं लिंबाएवढी.

आजींनी काकाजींच्याच बारीतलं एक झाड उपटलं. मुळांवर गाठीच गाठी.

"चवळीलाही गाठी असतात, त्या तर चांगल्या," काकाजी म्हणाले.

"त्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखानं सुटतात. इथं मूळच सुजलंय. आत सूत्रकृमी आहे, डोळ्यांना दिसत नाही. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते, उबदार मातीत महिन्याभरात पुढची पिढी तयार. तुम्ही रोपं दिली, काकाजी, अन् ढेकळातून हेही दिलं. देणाऱ्यानंच आधी बघायचं असतं. घेणारा भिडेपोटी बघत नाही."

काकाजी त्याच घरांत पुन्हा गेले. ही फेरी जड होती. रोगट झाडं मुळांसकट उपटून जाळायला त्यांनी स्वतः हात लावला, आणि कुदळ-फावडी धुतल्याशिवाय दुसऱ्या बारीत नेली नाहीत. मे महिन्यात जमीन खणून, भिजवून, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं आणि कडा मातीनं दाबल्या. भिलाईचं ऊन तापायला कुणाला सांगावं लागत नाही; सहा आठवडे ते कामाला लावलं. मग निंबोळी पेंड, आणि एक हंगाम नुसता झेंडू. टमाटरवाचून मुलं कुरकुरली.

पुढच्या खेपेला काकाजी रोपांसोबत पाण्याची बादली घेऊन निघाले. पहिलं दार आजींचं. त्यांनी चष्मा लावून मुळं पाहिली, बोटांनी चाचपली आणि सहा रोपं मागितली.