आहेराची वही

माझ्या बापाची एक वही आहे, लाल कापडी बांधणीची. मानपाड्यात आमच्या घरच्या लग्नांना कुणी काय दिलं ते तीत आहे. कुणाचा तांब्या, कुणाचे पाच रुपये, कुणाचे दोन पायली तांदूळ. एकाच्या नावापुढे नुसतं ‘मांडवाला टाळे आणले’ एवढंच. बापाची शाळा दोन यत्ता, पण वहीत चूक सापडायची नाही. दुसऱ्याच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची. घेतलं तेवढं द्यायचं, जमलं तर रुपया वर. याला कर्ज कुणी म्हणत नव्हतं.

मग शेतं गेली. कल्याण-शीळ रस्त्याला लागून भाताची खाचरं होती, तिथे इमारती आल्या. जमिनीचा पैसा आला तसा आहेराचा आकडा वाढला आणि हळदीचाही. धवलारणीच्या गाण्याच्या जागी डीजे आला, स्टेज आलं, मटणाची टोपं आणि बाटल्यांचे खोके आले. पुढे पैसा संपला. माप मात्र तेच राहिलं.

थोरल्या पोरीच्या हळदीला मी पतपेढीतून ४ लाख काढले. १४ टक्के, पाच वर्षं, हप्ता ९,३०७ रुपये. पहिल्या वर्षी १ लाख ११ हजार भरले, त्यातले ५२ हजार नुसत्या व्याजात गेले. साठ हप्त्यांत व्याज दीड लाखाच्या वर. हे गणित मी सही करताना मांडलं नाही. तिसऱ्या वर्षी मांडलं, दवाखान्याच्या बिलासाठी बायकोची पाटली गहाण टाकून आल्यावर. ती काही बोलली नाही. हातात काचेच्या बांगड्या भरून आली.

धाकटीचं जमलं तेव्हा मी ठरवलं, कर्ज काढायचं नाही. हळद अंगणात, वरण-भात-भाजी, बस. आई ओटीवर बसली होती. म्हणाली, “आक्खे गावाचे हलदीन जेवलास ना? आता तुझी पाली आली तं गावाला वरन-भात?”

याला उत्तर सुचेना. चाळीस वर्षं मी लोकांच्या मांडवात जेवलो. त्यातलं निम्मं मटण तरी कर्जाचं असणार. ते खाऊन झाल्यावर माझ्या पाळीला काटकसर आठवावी, ही काटकसर की लबाडी?

१८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली, तेव्हा सरकारने चौकशीला आयोग नेमला. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून बुडतो, असं तेव्हाही बोललं जायचं. आयोगाचं मत निराळं पडलं. लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो, असे प्रसंग क्वचित येतात, माणसाने तेवढी हौस केली तर बिघडत नाही, असा त्याचा एकूण सूर. म्हणजे आयोग माझ्या आईच्या बाजूचा! पण त्या कुणब्याला कार्य क्वचितच होतं. आमच्याकडे बारशाला स्टेज, साखरपुड्याला स्टेज, पोराच्या पहिल्या वाढदिवसालाही स्टेज.

मी खूप विचार केला. ज्याच्या अंगावर कुणाचंच देणं नाही त्याने थांबावं म्हटलं, तर असा माणूस गावात मिळायचा नाही. प्रत्येकजण कुणाच्या तरी मांडवात जेवलेला. म्हणजे जो कुणी आधी थांबेल, त्याला थोडं बुडवं व्हावंच लागणार. ते नाव पोरीच्या लग्नात घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

घेतलं. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापलं. वहीतला आहेर मात्र मी ज्याचा त्याला देत राहणार, हे आईला कबूल केलं. भाकऱ्या गल्लीतल्या बायकांनी थापल्या. कर्ज निघालं नाही. पण माझ्या चुलत्याने ताटाला हात लावला नाही, पाणी पिऊन उठला. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

गेल्या महिन्यात त्याच्याच नातवाची हळद झाली. दोन स्टेज होते. मी वही बघून पाकीट भरलं, वर शंभर रुपये घातले, आणि गेलो. पंगतीत चुलता स्वतः वाढायला आला. मटणाचा डाव ताटावर धरून थांबला, म्हणाला, “वाढू का रं? चालतं ना तुला?”

मी ताट पुढे केलं.