दाखविणे आणि भासविणे

दुकानासाठी मापाची लाकडी कपाटे घडविणाऱ्या सुताराला नीतिशास्त्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केल्यास तो वरवर सयुक्तिक वाटेल. सुताराने फळ्या रंधाव्या, कोन गुण्याने तपासावे, दाम घ्यावे आणि घरी जावे. तथापि अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, कापडबाजारातील मांडणीकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले असता प्रश्न इतका सरळ राहत नाही, असे आमचे मत आहे.

पूर्वी कापडाच्या दुकानात पांढरी गादी असे. गिऱ्हाईक गादीवर बसे, दुकानदार मागच्या फडताळातून एकेक लुगडे काढून पुढे टाकी, आणि काय काढावयाचे व काय आत ठेवावयाचे, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असे. काचेच्या कपाटाने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस एक हक्क मिळवून दिला. म्हणून मांडणीला सरसकट ढोंग ठरविणारे लोक आम्हांस अन्यायी वाटतात. दाखविणे हा दोष नव्हे. भासविणे हा दोष होय. अडचण एवढीच, की दोन्ही कामे एकच सुतार, एकाच सागवानातून, त्याच हत्यारांनी करतो.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तीन पलंग सांगितले आहेत: एक ईश्वराने निर्मिलेला, दुसरा सुताराने केलेला, तिसरा चित्रकाराने रंगविलेला; आणि या तिसऱ्याला त्याने सत्यापासून सर्वांत दूर बसविले आहे. आज हा चित्रकार सुताराच्याच कारखान्यात शिरला आहे. प्लायवुडवर चिकटविलेल्या सनमायकावर सागाच्या रेषा छापलेल्या असतात. हे पाहून पुष्कळांचे मन विटते, व ते रस्किनचा आधार घेतात. कारण एका द्रव्यावर दुसऱ्याचे सोंग रंगविणे त्याने १८४९ च्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात असत्यातच गणले आहे. पण त्याच ग्रंथात तो असेही सांगतो, की इमारतीवरील सोन्याचा मुलामा ही फसवणूक नव्हे, कारण त्याला कोणी सोने समजत नाही; दागिन्यावरील मुलामा मात्र फसवणूक, कारण तेथे तो सोने म्हणून खपतो. ही कसोटी आम्हांस मान्य आहे. साडी घेणारी बाई काही कपाट विकत घेत नाही. सुताराने दुकानदाराला सनमायका साग म्हणून विकला नसेल, तर तेथे पाप शोधण्याचे कारण नाही.

पाप दुसरीकडे असते, आणि ते अस्सल सागवानातही सुखाने नांदते. पाठीमागे आरसा बसविला की वीस ठाणांची चाळीस दिसतात. पण प्रतिबिंबाचे पैसे कोणी मोजत नाही. दिव्याची गोष्ट वेगळी. खाचेत दडविलेला पिवळसर दिवा लाल-केशरी रंग खुलवितो आणि निळ्याला मळकट करतो. आणि साडीत तर रंगाचेच पैसे मोजावयाचे असतात! जाणत्या बायका निवडलेली साडी दाराशी नेऊन उजेडात उलगडून पाहतात, ती उगीच नव्हे.

यावर सुतार म्हणेल, ‘मालकांनी सांगितले तसे केले.’ तयार कपाटे विकणाऱ्याला हे म्हणता येईल. आपले कपाट कोठे जाणार, त्यात काय ठेवणार, हे त्याला ठाऊक नसते. मापाने काम करणाऱ्याची स्थिती निराळी. त्याने भिंत मोजलेली असते, साडीची घडी मोजलेली असते. नगर पर्जन्यछायेतले, उन्हाळा कोरडा. लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दाराच्या चौकटीतील मधली फळी तो सरसाने न चिकटविता खाचेत मोकळी ठेवतो. ही मोकळीक कोणाच्याही नजरेस पडत नाही, तरी चांगला कारागीर ती चुकवीत नाही. लाकडाचा स्वभाव इतका जाणणाऱ्याने दिव्याचा हेतू मात्र आपणांस कळला नाही म्हणावे, हे आम्हांस पटत नाही. त्या जाणतेपणाचेच तर तो जादा दाम घेतो.

मग त्याने काम नाकारावे काय? पोट हातावर असलेल्याला असा उपदेश करणे खुर्चीत बसून सोपे आहे. त्याने इतके करावे: नकाशा काढतानाच दाराजवळची दोन हात जागा कपाटांनी न अडविता तेथे साडी पसरण्यापुरती एक साधी फळी सुचवावी. मालक कुरकुरेल, कारण दर्शनी जागा सर्वांत मोलाची. तरी हे बोलणे विसार घेण्यापूर्वी व्हावे. फळ्या एकदा कापल्या गेल्या की दोघांसही ते जड जाते.