भरलेली गाडी, रिकामी गाडी

भवानीनगर काय, बिजवडी काय, मार्चमध्ये इंदापूर तालुक्यातल्या साखर कारखान्यांचं गाळप संपून पट्टा पडायची वेळ येते. अशाच दिवसांत बीडकडच्या एका ऊसतोड टोळीतल्या पोराला जुलाब लागले. बसून राहावं तर खाडा, आणि उचल अजून फिटायची होती. मुकादमाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दिली. "घे दोन टाइम, अंग हलकं होतंय." पोरगा गोळी खाऊन मोळ्या वाहत राहिला आणि तिसऱ्या दिवशी फडातच आडवा झाला.

इंदापुरातल्या एका दवाखान्यात त्याला सलाईन लागलं. वॉर्डात ज्याच्या-त्याच्या माणसांची नजर वरच्या बाटलीवर. "आमच्या दाजींना पाच चढवल्या," असं एक जण कौतुकाने सांगत होता. पोराची आई मात्र लघवीचं भांडं कुणाला ओतू देईना. तिचा जन्म ऊसगाडीवर गेलेला. काट्यावर गाडी भरलेली मोजतात, मग रिकामी मोजतात. एकाच वजनावर टनेज धरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आला तसं तिने भांडं पुढे केलं.

"सायेब, सकाळधरनं आत तीन बाटल्या गेल्या. भायेर आलं ते एवढंच. कोऱ्या चहावानी."

जेमतेम शंभर मिली. पन्नास किलोच्या माणसाला सहा तासांत दीडशे मिलीही होत नसेल तर मूत्रपिंडाला इजा झाली समजायचं, हे डॉक्टरला तोंडपाठ होतं. पण केसपेपरवर लघवीचा रकाना कोराच. दाखल करताना मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.५ आलं, तेव्हा कुणी दचकलं नव्हतं. आता आलं ३.२.

"दुखण्याची गोळी घेतली होती का?"

आईने बटव्यातून रिकामी पट्टी काढली. डायक्लोफेनॅक. हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बसली, गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाला ते चिठ्ठीशिवायही सहज मिळतं. जुलाबाने अंगातलं पाणी आटलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आणखी आवळते.

गोळी बंद झाली, सलाईन मापात आलं, पोराला रातोरात बारामतीला हलवलं. डायलिसिसची तयारी ठेवली होती, ती लागली नाही. चौथ्या दिवशी लघवी मोकळी झाली. पाच बाटल्यावाले दाजी मात्र पाय सुजून, धाप लागून आयसीयूत आणि तिथे डायलिसिसवर गेले. जगभरच्या अभ्यासांचा २०१३ साली एकत्र हिशेब मांडला, तेव्हा दवाखान्यात दाखल झालेल्या दर पाच प्रौढांत एकाच्या मूत्रपिंडाला अशी इजा झालेली दिसली; आणि आयसीयूत डायलिसिसवर गेलेल्यांतले जवळपास निम्मे दगावतात. दाजी त्या निम्म्यात गेले.

आठवड्याने मुकादम खाड्यांचा हिशेब घेऊन कोपीवर आला. म्हातारीने वही पाहिलीसुद्धा नाही.

"खाडे लाव. पर उद्यापून फडात पान्याचा टँकर पायजे."

"टँकरचे पैसे कोण देनार?"

"गोळ्यांचे कोन देत व्हतं?"