धाब्यावरचा माणूस

आमच्या जुन्या घराच्या धाब्यावर एक लोखंडी पाईप अजून उभा आहे. वरच्या ॲल्युमिनियमच्या काड्या केव्हाच गळून पडल्या. आता पाईपाला दोरी बांधून कपडे वाळत घालतात. मी मात्र तिकडे पाहिलं की मला आमचे नाना दिसतात.

नाना आमचे सालदार. आखाजीला साल ठरायचं, आखाजीलाच हिशोब व्हायचा. वडिलांच्या वयाचे, म्हणून आम्ही पोरं त्यांना नानाच म्हणत होतो.

१९८४ च्या सुमारास देशभर दूरदर्शनची कमी ताकदीची केंद्रं भराभर उभी राहिली. अशा केंद्राचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर. आमचं गाव पारोळा तालुक्यातलं, धुळ्याच्या बाजूला, त्या पल्ल्याच्या पार काठावर. म्हणजे चित्र यायचंही आणि नाहीही. ॲन्टेनाचं तोंड धुळ्याकडे बरोबर असेल तर माणसं दिसायची, वाऱ्याने बोटभर फिरलं की पडदाभर मुंग्या.

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. आणि नाना धाब्यावर, पाईप धरून. वरून हाक यायची, "आते दिसस का?" खालून आम्ही सगळे एका सुरात, "नही! थोडं मांगे! बस, बस, हालू नका!"

ते हलायचे नाहीत. दीड वर्ष रामायण चाललं. गावाने ते पाहिलं, नानांनी फक्त ऐकलं. सोमवारी वखर हाकताना मला विचारायचे, "काय व्हयनं काल?" मी दोन वाक्यांत उरकायचो. एकदा मी म्हटलं, "नाना, तुम्ही बसा, मी धरतो." ते हसले, "तुम्हीन दखा, मी धरस." मी पुन्हा विचारलं नाही. एकदाच विचारणं किती सोयीचं असतं, हे तेव्हा कळत नव्हतं.

१९८८ चे मिरगाचे दिवस. रामायण संपत आलेलं. आभाळ भरून आलं, लांबवर गडगडायला लागलं. आई चुलीजवळून ओरडली, "नानाले खाले बलाव रे, ईज चमकी ऱ्हायनी!" मी ऐकलं. ओसरीतल्या सगळ्यांनी ऐकलं. पण युद्ध ऐन रंगात आलेलं. मी दारातून वर ओरडलो, "नाना, पाचच मिनिटं!"

ते थांबले. पावसात, लोखंडी पाईप हातात धरून. वीज कुठेतरी शिवारापलीकडे पडली. नाना भिजून खाली आले आणि विचारलं, "सरनं का?"

काहीच झालं नाही. हीच तर अडचण आहे. काही झालं असतं तर सगळ्या गावाने मला दोष दिला असता आणि मीही जन्मभर मान खाली घातली असती. काही झालं नाही, म्हणून चूकच झाली नाही का? मला वाटतं, चूक वीज पडण्यात नव्हती. ती 'पाचच मिनिटं' म्हणण्यात होती. ती तेव्हाच पुरी झाली होती. पुढे वीज कुठे पडली, हा नशिबाचा भाग.

कोणी म्हणेल, नाना राजीखुशीने चढत होते. खरं आहे. पण ज्याचं साल आपल्या हाती, त्याच्या राजीखुशीवर किती भरवसा ठेवावा? वडील म्हणायचे, "नाना घरचाच माणूस." घरच्या माणसाला पुढची जागा मिळते. नानांना घरचं म्हटलं ते फक्त कामापुरतं. मराठीत 'धाब्यावर बसवणं' म्हणतात, आम्ही ते खरोखरच केलं.

आता जमिनीवरची ती जुनी केंद्रं बंद पडली. २०१६ साली दूरदर्शनने सोळा शहरांत ॲन्टेनावर डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यात अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचं औरंगाबाद होतं, खान्देशातलं एकही नव्हतं. आमच्याकडे फ्री डिशची थाळी आहे. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र एकतर स्वच्छ येतं, नाहीतर अडकतं किंवा येतच नाही. कोणाला वर चढावं लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण वरून 'आते दिसस का' अशी हाकही येत नाही. आपल्या सुखासाठी कोण कुठे उभा आहे, हे आता विचारल्याशिवाय कळत नाही.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना मी हे कधी बोललो नाही.

मागच्या पावसाळ्यात वादळाने गावची लाईन गेली. कपाशी लावलेली, बोअर बंद. वायरमन खांबाजवळ उभा होता आणि चार-पाच जण त्याला घाई करत होते. आभाळ गडगडत होतं. मीही बोलायला तोंड उघडलं. मग म्हटलं, "दादा, खाली थांबा. आभाळ निवळू द्या."

रात्रभर अंधार होता. सकाळी लाईट आली.